क्लेम अडला म्हणजे नेमका कुठे अडला?

विमा कंपनीकडून आलेल्या कागदावर ठळक अक्षरांत छापलेलं असतं, 'धिस इज नॉट अ बिल'. खाली मात्र आकड्यांचे रकाने, आणि शेवटच्या रकान्यात तुम्ही देणं लागता म्हणून ३४० डॉलर. पंधरा दिवसांनी दवाखान्याकडून खरंखुरं बिल येतं, तेवढ्याच रकमेचं. इथे आपल्यातले बरेच जण दोनांपैकी एक गोष्ट करतात. मुकाट्याने पैसे भरून टाकतात, नाहीतर कागद ड्रॉवरमध्ये सारून विसरून जातात. दोन्हींत नुकसान आहे, कारण तो आकडा पुष्कळदा शेवटचा नसतो. दवाखान्याने पाठवलेल्या एका फाईलवरून तो निघालेला असतो, आणि फाईल चुकली असेल तर ती दुरुस्त करता येते.

ही फाईल कोण बनवतं, ती कुठे अडते आणि अडली की कोणी काय करायचं असतं, ते या लेखात बघू. सगळं अमेरिकेपुरतं आहे. ब्रिटनमध्ये एनएचएसच्या डॉक्टरकडे गेलात तर क्लेम हा प्रकार तुमच्या वाट्याला येत नाही, आणि दुबईतली ईक्लेमलिंक ही यंत्रणा तिच्या स्वतःच्या नियमांनी चालते.

भारतात घरोघरी 'मेडिक्लेम' म्हटलं की डोळ्यांसमोर येते ती बिलांची जाडजूड फाईल, डिस्चार्ज समरी, औषधांच्या पावत्या आणि टीपीएला केलेले फोन. त्यात मनस्ताप असतो, पण निदान कागद आपल्या हातात असतात आणि काय कमी पडलं ते दिसतं. इथे डॉक्टर नेटवर्कमधला असेल तर क्लेम दवाखानाच पाठवतो. तुम्हाला तो कधी दिसतच नाही. ही मोठी सोय आहे, पण त्यामुळे चूक कुठे झाली तेही दिसत नाही.

रिसेप्शनपासून विमा कंपनीपर्यंत

रिसेप्शनवर तुमचं कार्ड मागणाऱ्या माणसासमोर जो स्क्रीन असतो, त्यावर प्रॅक्टिस मॅनेजमेंट सॉफ्टवेअर चालू असतं. अपॉइंटमेंट, पेशंटची माहिती, बिलिंग, आलेले पैसे, सगळं त्यात. डॉक्टर तपासणीच्या नोंदी ज्यात लिहितात तो ईएचआर हा वेगळा भाग, पण बहुतेक ठिकाणी दोन्ही जोडलेले असतात. उत्सुकता असेल तर ओपनईएमआर नावाचं मुक्त स्रोत सॉफ्टवेअर आहे, त्याचा डेमो उघडून बिलिंगचा भाग बघा. एका साध्या भेटीसाठी किती रकाने भरावे लागतात ते पाहिलं की रिसेप्शनवरच्या माणसाबद्दल जरा सहानुभूती वाटायला लागते.

क्लेमचा पाया तिथेच घातला जातो, तुमचं कार्ड टाइप करताना. सॉफ्टवेअर आधी विमा कंपनीला विचारतं, हा माणूस तुमचा आहे का आणि त्याचा विमा आज चालू आहे का. या प्रश्नाच्या फाईलला २७० आणि उत्तराच्या फाईलला २७१ हा क्रमांक आहे. मग डॉक्टर तपासतात, नोंद लिहितात, आणि त्या नोंदीवरून दोन प्रकारचे कोड लागतात. पेशंटला काय झालंय ते आयसीडी-१० चा कोड सांगतो. अमेरिकेत ही आवृत्ती १ ऑक्टोबर २०१५ पासून वापरात आहे. डॉक्टरांनी काय केलं ते पाच अंकी सीपीटी कोड सांगतो. जुन्या पेशंटची साधी भेट ९९२१३, जरा जास्त गुंतागुंतीची ९९२१४. शिवाय प्रत्येक कामासमोर ते कोणत्या निदानासाठी केलं, हे दाखवावं लागतं. एका क्लेमवर बारापर्यंत निदानं मावतात, पण कामाच्या एका ओळीला त्यांतली चारच जोडता येतात. ही जोडणी लक्षात ठेवा, पुढे तिचं काम पडणार आहे.

कागदावर हा क्लेम म्हणजे सीएमएस-१५०० नावाचा ३३ रकान्यांचा फॉर्म. आता कागद क्वचितच जातो. त्याच माहितीची ८३७पी नावाची इलेक्ट्रॉनिक फाईल जाते, आणि तीही बहुधा थेट विमा कंपनीकडे जात नाही. मध्ये क्लिअरिंगहाऊस असतं. असंख्य दवाखान्यांच्या फाईली घ्यायच्या, वरवर तपासायच्या आणि ज्याच्या त्याच्या विमा कंपनीकडे पोचवायच्या, हे त्याचं काम. या मधल्या दुव्यावर किती अवलंबून आहे ते फेब्रुवारी २०२४ मध्ये कळलं. चेंज हेल्थकेअर या मोठ्या क्लिअरिंगहाऊसवर सायबर हल्ला झाला, यंत्रणा बंद ठेवावी लागली, आणि देशभरातल्या दवाखान्यांचे क्लेम आठवडेच्या आठवडे तुंबले. पेशंट येत होते, डॉक्टर तपासत होते, पैसे मात्र येत नव्हते.

विमा कंपनीचा निर्णय ८३५ नावाच्या फाईलमधून परत येतो आणि सॉफ्टवेअर तो तुमच्या खात्यावर चढवतं. तुमच्या पत्त्यावर येणारा ईओबी हे त्याच निर्णयाचं माणसाला वाचता येईल असं रूप. निदान तसा प्रयत्न तरी केलेला असतो.

परत आला की नाकारला?

फोनवर कोणीही पटकन सांगून टाकतं, 'क्लेम डिनाय झाला'. या एका वाक्यात दोन अगदी वेगळ्या गोष्टी कोंबलेल्या असू शकतात, आणि उपाय दोन्हींचे वेगळे आहेत.

पहिली म्हणजे रिजेक्शन. यात क्लेम विमा कंपनीच्या व्यवस्थेत शिरलाच नाही. क्लिअरिंगहाऊसने किंवा कंपनीच्या प्रवेशद्वारावरच्या तपासणीने तो परत पाठवला: मेंबर आयडी जुळत नाही, जन्मतारीख जुळत नाही, डॉक्टरचा दहा अंकी एनपीआय चुकलाय, एखादा रकाना रिकामा आहे. अशा क्लेमला कंपनीकडून क्लेम नंबर मिळत नाही आणि त्याचा ईओबीही येत नाही. म्हणजे तुम्हाला काही कळायचा मार्गच नाही. दवाखान्याच्या सॉफ्टवेअरमध्ये २७७सीए नावाचा अहवाल येऊन पडलेला असतो. बिलिंग बघणाऱ्याने तो उघडून चूक सुधारली तर दोन दिवसांत मामला मिटतो. नाही उघडला, तर क्लेम तिथेच पडून राहतो आणि चार महिन्यांनी पूर्ण रकमेचं बिल तुमच्या घरी येतं.

दुसरी म्हणजे डिनायल, खरा नकार. इथे क्लेम आत गेला, त्याला नंबर पडला, कंपनीने तो तपासला आणि पैसे देणार नाही म्हणून कारणासकट कळवलं.

दोन्हींतला फरक तुम्ही घरबसल्या ओळखू शकता. विमा कंपनीच्या पोर्टलवर जाऊन त्या तारखेचा क्लेम शोधा. दिसतच नसेल तर तो बहुधा पोचलेलाच नाही, किंवा दुसऱ्याच कंपनीकडे गेलाय. मग दवाखान्याने चूक सुधारून नव्याने पाठवायचा, एवढंच. दिसत असेल आणि समोर नकार असेल, तर पुढची गोष्ट सुरू होते. पण त्याआधी न जुळण्याबद्दल जरा सविस्तर बोलायला हवं, कारण तिथे आपली मंडळी विशेष सापडतात.

आपली नावं, आपल्या तारखा

मराठी माणसाचं नाव तीन भागांचं असतं: स्वतःचं, वडिलांचं किंवा नवऱ्याचं, आणि आडनाव. भारतीय पासपोर्टवर मात्र दोनच रकाने आहेत, गिव्हन नेम आणि सरनेम. त्यामुळे बऱ्याच जणांच्या गिव्हन नेममध्ये 'सायली संजय' असं सलग छापलेलं असतं. व्हिसावर तेच जातं, नोकरी लागली की एचआरच्या नोंदीत तेच जातं, आणि तिथून विमा कंपनीकडे. दवाखान्यात मात्र नाव विचारल्यावर तुम्ही नुसतं 'सायली' म्हणता. लग्नानंतर आडनाव बदललं आणि ते निम्म्याच ठिकाणी कळवलं, तर आणखी एक फाटा. संगणकाला या दोन व्यक्ती वाटू शकतात.

जन्मतारखेचं तसंच. आपण दिवस आधी सांगतो, इथे महिना आधी लिहितात. ४ जुलैचा जन्म ७ एप्रिलला व्हायला एक घाईची सकाळ पुरते. महिन्याच्या तेरा तारखेला किंवा त्यानंतर जन्मलेले सुखी, कारण तेरावा महिना नसल्यामुळे सॉफ्टवेअर चूक लगेच पकडतं. बारा तारखेपर्यंतच्या लोकांनी फॉर्म भरताना महिना अक्षरांत सांगावा.

नियम असा की दवाखान्याच्या सॉफ्टवेअरमध्ये तुमचं नाव विमा कंपनीच्या नोंदीत जसं आहे तसं, अक्षर न् अक्षर, असायला हवं. पासपोर्टवर काय आहे याच्याशी त्या फाईलला देणंघेणं नाही. कंपनीच्याच नोंदीत चूक असेल तर ती एचआरमार्फत सुधारून घ्या. प्रत्येक दवाखान्यात वेगळी सांगत बसू नका. कार्डवरचा मेंबर आयडी पूर्ण द्या. ब्लू क्रॉसच्या कार्डांवर आयडीच्या सुरुवातीला तीन अक्षरांचा एक तुकडा असतो. क्लेम कोणत्या ब्लू क्रॉसकडे जायचा ते त्यावरून ठरतं, आणि आकडे तेवढे उतरवून घेण्याच्या नादात नेमका तोच गळतो.

नोकरी बदलली की नवं कार्ड दाखवायला विसरू नका. जुन्याच कंपनीला क्लेम गेला तर 'विमा संपल्यानंतरचा खर्च' म्हणून नकार येतो. तिथे दुरुस्ती काही करायची नसते, नव्या कंपनीला नवा क्लेम पाठवायचा असतो. नवरा-बायको दोघांच्याही विम्यावर मूल असेल तर पहिला क्लेम कोणाच्या विम्याकडे, हे सहसा वाढदिवसावरून ठरतं. वर्षात ज्याचा वाढदिवस आधी येतो त्याचा विमा पहिला. वय कोणाचं जास्त याचा संबंध नाही. आणि घरात बाळ आलं तर नोकरीच्या विम्यात त्याचं नाव घालायला निदान ३० दिवसांची मुदत असते. बाळाला लगेच विसरून जाऊ नका असं सांगायची गरज नाही, पण एचआरच्या फॉर्मला लोक खरंच विसरतात, आणि मग बाळाचे सगळे क्लेम एकदम परत येतात.

सीओ आणि पीआर

नकाराच्या किंवा कपातीच्या प्रत्येक कारणाला एक आकडी कोड असतो आणि त्याच्या आधी दोन अक्षरं. ही दोन अक्षरं आकड्याहून महत्त्वाची आहेत, कारण पैसे कोणाच्या अंगावर पडणार ते ती सांगतात. सीओ म्हणजे दवाखाना आणि विमा कंपनी यांच्यातल्या कराराचा भाग. नेटवर्कमधला दवाखाना ती रक्कम तुमच्याकडे मागू शकत नाही. पीआर म्हणजे पेशंटची जबाबदारी: पीआर-१ डिडक्टिबल, पीआर-२ कोइन्शुरन्स, पीआर-३ कोपे.

समजा दवाखान्याने ३१० डॉलर लावले आणि कंपनीशी ठरलेला दर १४० आहे. वरचे १७० सीओ-४५ म्हणून कापले जातात आणि विषय संपतो. उरलेल्या १४० मधले ३० तुमचा कोपे, म्हणजे पीआर-३, आणि ११० कंपनी देते. हे सरळ झालं. आता समजा सगळ्या रकमेवर सीओ-१६ आलंय, म्हणजे क्लेममध्ये काहीतरी माहिती कमी आहे किंवा चुकली आहे. ही दवाखान्याने सुधारायची गोष्ट आहे. सीओ-२९ म्हणजे क्लेम पाठवायची मुदत उलटून गेली. तीही त्यांचीच डोकेदुखी. पण निर्णय खात्यावर चढवताना कोणीतरी चुकीचं बटण दाबतं, शिल्लक रक्कम पेशंटच्या नावावर सरकते, आणि छपाईयंत्र इमानेइतबारे बिल छापतं.

म्हणून बिल आलं की पहिलं काम: ईओबी शेजारी ठेवा. ईओबीत तुमची जबाबदारी शून्य आणि बिलात ३४० डॉलर असतील, तर पैसे भरू नका, फोन करा.

सात नंबर

आत जाऊन नाकारलेला क्लेम सुधारताना सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे तोच क्लेम सुधारून नवा म्हणून पाठवणं. कंपनीचा संगणक बघतो, तोच पेशंट, तोच दिवस, तेच काम, आणि सीओ-१८ लावतो: हा तर आधीचाच क्लेम परत आलाय. महिना गेला, हाती काही नाही.

योग्य मार्ग असा. सीएमएस-१५०० च्या २२ व्या रकान्यात, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये 'रिसबमिशन कोड' असं काहीसं लिहिलेलं असतं तिथे, ७ हा आकडा निवडायचा. १ म्हणजे मूळ क्लेम, ७ म्हणजे आधीच्या क्लेमच्या जागी आलेला, ८ म्हणजे आधीचा रद्द. सातासोबत विमा कंपनीने मूळ क्लेमला दिलेला नंबर घालावा लागतो. दवाखान्याचा स्वतःचा खाते क्रमांक तिथे चालत नाही. आणखी एक गोष्ट मुरलेले बिलरच सांगतात: सातचा क्लेम आधीचा पूर्ण क्लेम पुसून टाकतो, त्यामुळे चुकलेली एकच ओळ पाठवून भागत नाही. बरोबर असलेल्या ओळीही पुन्हा पाठवाव्या लागतात, नाहीतर त्यांचे आधी मिळालेले पैसे कंपनी परत घेते.

आई-वडील इथे स्थायिक होऊन मेडिकेअरवर असतील तर हा सात तिथे साधारणपणे चालत नाही. डॉक्टरच्या क्लेममधली किरकोळ चूक 'रीओपनिंग' नावाच्या वेगळ्या वाटेने सुधारतात. मेडिकेअरची मुदत उपचाराच्या तारखेपासून एक वर्ष. खासगी कंपन्यांची मुदत करारागणिक बदलते, कुठे ९० दिवस, कुठे १८०, कुठे वर्ष, आणि दुरुस्त क्लेमची मुदत आणखी वेगळी असू शकते. ती विचारूनच घ्यावी.

फोन आधी विमा कंपनीला करा. क्लेम कधी मिळाला, नंबर काय, कारणाचा कोड कोणता, दुरुस्त क्लेम कोणत्या तारखेपर्यंत घ्याल, आणि शेवटी या फोनचा रेफरन्स नंबर. मग दवाखान्याच्या बिलिंगला फोन करून हेच त्यांना द्या आणि 'दुरुस्त क्लेम पाठवा' असं स्पष्ट म्हणा. तोपर्यंत खातं होल्डवर ठेवायला सांगा. 'तुम्ही चुकलात' ने सुरुवात करण्यापेक्षा क्लेम नंबर सांगून सुरुवात केलेली बरी. समोरचा माणूस दिवसभर ओरडा खात असतो, आणि नेमकी माहिती देणारा पेशंट त्याला क्वचितच भेटतो.

निदान आणि काम यांची जोडणी

आता सुरुवातीच्या ३४० डॉलरकडे येऊ. वार्षिक तपासणीला गेलात, ती फुकट असते म्हणून. कायद्याने प्रतिबंधात्मक सेवांना नेटवर्कमध्ये पेशंटचा हिस्सा लागत नाही, हे बहुतेक विम्यांना लागू आहे. १८ ते ३९ वयाच्या जुन्या पेशंटसाठी ही भेट ९९३९५, आणि निदानाच्या जागी झेड००.००, म्हणजे तपासणीत काही वावगं आढळलं नाही. पण जाता जाता तुम्ही म्हणालात, 'डॉक्टर, तीन महिने गुडघा दुखतोय.' त्यांनी गुडघा नीट तपासला, उपचार सुचवला. मग त्याच दिवशी ९९२१३ सुद्धा लागू शकतो, २५ हा मॉडिफायर जोडून. या दुसऱ्या भेटीला डिडक्टिबल लागतं. हे चिडचिड करायला लावणारं आहे, पण नोंदीत ते वेगळं काम लिहिलेलं असेल तर ती चूक नव्हे.

चूक होते ती जोडणीत. वार्षिक तपासणीचाच भाग म्हणून केलेली रक्ततपासणी झेड कोडऐवजी गुडघेदुखीला जोडली गेली, की तीही आजारासाठीची ठरते आणि डिडक्टिबलमध्ये जाते. सगळे कोड बरोबर, फक्त बाण चुकलेला. अशा वेळी बिलिंगला 'कोडिंग रिव्ह्यू' मागा आणि प्रत्येक ओळ कोणत्या निदानाला जोडली आहे ते विचारा. नोंदीशी जुळत नसेल तर सातचा क्लेम जातो. एक मात्र करू नका: पैसे वाचावेत म्हणून नोंदीत नसलेलं निदान घालायला सांगू नका. ती विम्याची फसवणूक होते, आणि सुज्ञ दवाखाना ऐकणारही नाही.

क्लेम सगळा बरोबर आहे आणि कंपनीच म्हणतेय की उपचाराची गरज नव्हती, तर तिथे दुरुस्तीचा उपयोग नाही. अपील करावं लागतं. बहुतेक विम्यांत नकार कळल्यापासून १८० दिवस मिळतात, आणि झालेल्या उपचाराबद्दल कंपनीने ६० दिवसांत उत्तर द्यायचं असतं. तेही नाही आलं तर वैद्यकीय कारणाच्या नकाराविरुद्ध चार महिन्यांच्या आत बाहेरच्या तटस्थ पुनरावलोकनाची मागणी करता येते. केएफएफ या संशोधन संस्थेने हेल्थकेअर.गव्ह वरच्या योजनांची २०२३ ची आकडेवारी पाहिली, तेव्हा नेटवर्कमधले सुमारे १९ टक्के क्लेम नाकारलेले आढळले. अपील झालं ते त्यांतल्या एक टक्क्याहूनही कमी नकारांवर.

या सगळ्यात बिल थकलं म्हणून क्रेडिट स्कोअर जाईल, या भीतीने लोक आधी पैसे भरतात. तिन्ही क्रेडिट ब्युरो वसुलीला गेलेलं वैद्यकीय बिल पहिलं एक वर्ष दाखवत नाहीत, आणि एप्रिल २०२३ पासून ५०० डॉलरपेक्षा कमी रकमेची अशी बिलं मुळीच दाखवत नाहीत. म्हणजे एक दुरुस्त क्लेम जाऊन यायला पुरेसा वेळ आहे. दुरुस्त क्लेम गेल्याची तारीख लिहून ठेवा आणि साधारण महिन्याने पोर्टल बघा. जुना क्लेम उलटवलेला आणि त्याच्या जागी नवा दिसला की नवा ईओबी उतरवून घ्या. आधी पैसे भरले असतील तर ते बरेचदा खात्यात जमा म्हणून नुसते पडून राहतात; बिलिंगला फोन करून परत मागावे लागतात.